हातातला आणि टीव्हीचा कन्सोल: गेमची लायब्ररी एकच असावी की वेगवेगळी?

पडदाबहाद्दर:

निंटेंडोने मार्च २०१७ मध्ये स्विच आणला आणि हातातलं यंत्र, टीव्हीचं यंत्र हा भेदच काढून टाकला. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ त्याच वाटेने गेलाय. वाल्व्हच्या स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर सरळ पीसीचीच लायब्ररी, म्हणजे पीसीसाठी घेतलेले गेमच, चालतात. सोनीचं मात्र उलट. व्हिटा हा हातातला कन्सोल आटोपल्यावर त्यांनी २०२३ मध्ये पोर्टल आणला, पण तो घरच्या पीएस५ वरून किंवा सर्व्हरवरून नुसतं चित्र ओढतो, स्वतः एकही गेम चालवत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं नाव लावून आलेला आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय आतून विंडोज पीसीच आहे. एक्सबॉक्सवर घेतलेला गेम 'प्ले एनीव्हेअर'वाला (एकदा घेतला की एक्सबॉक्स आणि पीसी दोन्हीकडे चालणारा) नसेल तर तो त्यावर थेट चालत नाही, स्ट्रीम करावा लागतो.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्यात. एकच लायब्ररी ठेवली की हातातल्या कमकुवत मोडमुळे टीव्हीवरचा गेमही खाली ओढला जातो का? निंटेंडोचे हातातला थ्रीडीएस आणि टीव्हीचा वी यू असे दोन वेगळे संसार होते तेव्हा काही फायदा होता का, की ती नुसती जुनी आठवण? आणि चार-पाच जणांच्या टीमने आज गेम करायला घेतला तर हातातल्यासाठी आणि टीव्हीसाठी तयारी कशी करावी?

'मला हे आवडतं' छापाचे प्रतिसाद नकोत. आकडे द्या.

निम्मा_वॅट:

आधी वॅट मोजू, लायब्ररीचं मग.

पहिल्या स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, ३.७ व्होल्ट. म्हणजे जेमतेम १६ वॅट-तास. निंटेंडोने स्वतः सांगितलेला वेळ अडीच ते साडेसहा तास. जड गेमला अडीच तास धरले तर स्क्रीन, वायफाय, रॅम, स्पीकर हे सगळं मिळून सरासरी साडेसहा वॅटच्या आत भागवायचंय. पीएस५ जड गेमला २०० वॅटच्या आसपास ओढतो. ही तीसपट दरी कितीही ऑप्टिमाइझ केलं तरी बुजत नाही. त्यामुळे पीएस५ एवढी ताकद खिशात कशी बसवायची हा प्रश्नच नाही. तळ कुठे ठेवायचा आणि तळाच्या वर काय काय वाढू द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

निंटेंडोचं उत्तर स्विचच्या घड्याळांत, म्हणजे चिपच्या वेगात, दिसतं. चिप टेग्रा एक्स१. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) हातात १०२० मेगाहर्ट्झ आणि डॉकमध्येही (टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीत) १०२०. डॉकला भिंतीतून वीज मिळते, मग सीपीयू का नाही वाढवला? कारण शत्रूंची हालचाल, फिजिक्स, अ‍ॅनिमेशन, गेमचे नियम हे सगळं सीपीयूवर चालतं. ते एका मोडमध्ये मावलं आणि दुसऱ्यात नाही मावलं तर ते दोन वेगळे गेम झाले. वाढतो फक्त जीपीयू, म्हणजे चित्र काढणारा भाग: हातात ३०७.२ किंवा ३८४ मेगाहर्ट्झ, पुढे काही गेमना ४६० सुद्धा मिळाले, डॉकमध्ये ७६८. ७२०पी वरून १०८०पी ला गेलं की पिक्सेल सव्वादोन पट होतात आणि जीपीयू दोन ते अडीच पट. कागदावर हिशोब चोख.

घोडं पेंड खातं ते मेमरीपाशी. रॅम हातात १३३१ आणि डॉकमध्ये १६०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे बँडविड्थ (माहिती वाहून न्यायचा वेग) सेकंदाला २१.३ जीबीवरून २५.६ जीबी. वाढ फक्त वीस टक्के. गवत, धूर, पाऊस, पाण्यावरची चमक अशा पारदर्शक गोष्टींचा प्रत्येक थर तोच पिक्सेल पुन्हा वाचतो, पुन्हा लिहितो. तिथे जीपीयू रिकामा बसतो आणि रॅमची वाट बघतो. म्हणून 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' डॉकमध्ये १०८०पी न ठेवता ९००पी ठेवला, म्हणजे पिक्सेल दीडपटीच्या थोडे वर. तरीही सुरुवातीला तो टीव्हीवर हातातल्यापेक्षा जास्त अडखळायचा, पॅच आल्यावर सुधारला. तेव्हा 'हातातला मोड टीव्हीला खाली ओढतो' हे सरसकट खरं नाही. इथे टीव्हीचा मोडच स्वतःच्या ओझ्याने वाकला होता.

स्विच २ मध्ये हाच ताळेबंद जरा सुधारलाय. जीपीयू हातात ५६१, डॉकमध्ये १००७ मेगाहर्ट्झ. बँडविड्थ साधारण ६८ वरून १०२ जीबी, म्हणजे दीडपट. पण आता हातातला स्क्रीनच १०८०पी आहे आणि टीव्ही ४के. पिक्सेल चौपट, ताकद पावणेदोन पट. मधली दरी डीएलएसएस भरतं: लहान चित्र काढायचं आणि टेन्सर कोरवर मोठं करायचं. गंमत म्हणजे तिथे सीपीयू हातात थोडा जास्तच पळतो, ११०१ विरुद्ध डॉकमधले ९९८.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: पिक्सेल, सावल्या, टेक्स्चरची धार यांपुरता फरक ठेवला तर तळामुळे टीव्हीचं फार बिघडत नाही. सीपीयू किंवा रॅमची मात्रा वेगवेगळी ठेवली की बिघडतं.

टेक्स्चर_तात्या:

वॅटराव, शेवटच्या वाक्याला मालमसाला देतो.

एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्स दोन्ही टीव्हीचेच, पण लायब्ररी एकच ठेवायची अट. सीपीयू जवळपास सारखा, फरक जीपीयूत आणि रॅममध्ये: एसला १० जीबी, एक्सला १६. जीपीयूच्या फरकाने फार कोणी रडलं नाही, रिझोल्यूशन उतरवलं की झालं. रॅमने मात्र घात केला. 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर, सप्टेंबरमध्ये पीएस५ वर आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. कारण स्प्लिट स्क्रीन: दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना गेले की दोन्हीकडची दुनिया एकाच वेळी रॅममध्ये ठेवावी लागते. शेवटी सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीनशिवाय प्रकाशित करायची सूट मिळाली, आणि तिथे ती सोय एप्रिल २०२५ च्या पॅचमध्ये पोचली. हातातला कन्सोल तर या चित्रात कुठेच नाही, तरी दुखणं तेच.

आता दुसरा प्रश्न. थ्रीडीएस आणि वी यूच्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी आतलं हार्डवेअर बघावं. थ्रीडीएसमध्ये एआरएम११, १२८ एमबी रॅम, आणि पिका२०० नावाचा जीपीयू, ज्यात पिक्सेल शेडर (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिताच येत नाहीत. ठरलेल्या कोष्टकातून रंग-प्रकाश जुळवायचा. वी यूमध्ये आयबीएमचे पॉवरपीसी कोर, २ जीबी रॅम, एएमडीचा जीपीयू आणि पूर्ण शेडर. एकाचं कोड, मटेरियल, मॉडेल दुसऱ्याला जसंच्या तसं चालत नाही. म्हणजे गेम दोन, टीम दोन, वेळापत्रकं दोन. आणि यंत्रं विकली गेली ती थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर, वी यू १ कोटी ३५ लाख. वी यू घेतलेल्या माणसाने महिनोन् महिने नव्या गेमची वाट बघितली, कारण निंटेंडोचे निम्मे लोक दुसऱ्या संसारात गुंतलेले.

बरं, वेगळं ठेवल्याने टीव्हीचा गेम मोकळा राहतो म्हणावं तर तेही नाही. २०१४ चा 'स्मॅश ब्रदर्स' घ्या. थ्रीडीएसचा आणि वी यूचा असे दोन स्वतंत्र गेम, मैदानं वेगळी, मोड वेगळे. पण लढवय्ये दोन्हीकडे सारखेच हवेत हा आग्रह. आइस क्लायंबर्स म्हणजे एका बटणावर चालणारी दोन पात्रं. चार खेळाडूंनी तेच घेतले की मैदानात आठ. थ्रीडीएसला ते झेपेना. म्हणून ते वी यूमधूनही वगळले! थ्रीडीएसवर लढवय्ये सेकंदाला ६० फ्रेमनी हलायचे आणि मदतनीस पात्रं ३० नी; शिवाय जुन्या थ्रीडीएसवर तो गेम बंद केला की यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, इतकी रॅम त्याने व्यापलेली असायची. आइस क्लायंबर्स परत आले २०१८ मध्ये, स्विचवर, जिथे लायब्ररी एकच होती. खर्च दोन गेमचा आणि तळ एकाचाच, असा दोन्हीकडून तोटा.

निंटेंडोला हे आतून कळत होतं. २०१३ मध्येच त्यांनी हातातल्या आणि घरच्या यंत्रांचे हार्डवेअर विभाग एकत्र केले. २०१४ च्या सुरुवातीला तेव्हाचे अध्यक्ष इवाता गुंतवणूकदारांसमोर जे बोलले त्याचा रोख यंत्र एकच करण्यावर नव्हता. यंत्रं भावंडांसारखी असावीत, एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला लागू पडावं, असा होता. स्विच आणि फक्त हातात खेळायचा स्विच लाइट ही ती भावंडं.

स्टायलसवाली:

तात्या, कारखान्याच्या बाजूने हिशोब मांडलात. गिऱ्हाइकाच्या बाजूने मी मांडते.

थ्रीडीएसचा नवा गेम साधारण ४० डॉलरला यायचा, वी यूचा ६० ला. लायब्ररी एक झाली आणि ४० ची पायरी गेली. 'पोकेमॉन' कायम हातातल्या यंत्राची मालिका. २०१९ मध्ये 'सोर्ड' आणि 'शील्ड' आले ते ६० डॉलरला. वरून बघायचा 'झेल्डा' २०१३ मध्ये थ्रीडीएसवर ४० ला मिळत होता, २०१९ चा 'लिंक्स अवेकनिंग' ६० ला. हातातला गेम टीव्हीवर चांगला दिसावा म्हणून केलेल्या कामाचे पैसे, तो कधीच टीव्हीला न लावणाराही भरतो. स्विच लाइटला तर टीव्हीला जोडायची सोयच नाही, तरी गेमची किंमत तीच.

दुसरं, संख्या. 'मारिओ कार्ट ७' थ्रीडीएसवर २०११ ला, '८' वी यूवर २०१४ ला. मग २०१७ ला तोच आठवा 'डीलक्स' म्हणून स्विचवर, आणि पुढचा नवा थेट जून २०२५ ला. एक लायब्ररी म्हणजे एक गेम आठ वर्षं विकायची मुभा. टीम मोकळ्या झाल्या म्हणता, मोकळ्या होऊन गेल्या कुठे?

तिसरं, यंत्राचा स्वभाव. दोन स्क्रीन, स्टायलस, फुंकर ओळखणारा माइक या गोष्टी थ्रीडीएसच्या आधीच्या डीएसच्या गेमच्या गाभ्यात होत्या. स्विचलाही टचस्क्रीन आहे, पण डॉकमध्ये गेला की तो झाकला जातो, मग बहुतेक गेम त्याला हात लावत नाहीत. 'वोझ' नावाचा तालाचा गेम सुरुवातीला फक्त टचवर चालायचा, म्हणजे टीव्हीवर चालायचाच नाही. नंतर त्याला बटणं जोडावी लागली. उलट दिशेने 'सुपर मारिओ पार्टी' आणि 'वन-टू-स्विच' हातातल्या मोडमध्ये चालत नाहीत, बाजूचे जॉय-कॉन कंट्रोलर सुटे करावे लागतात. लाइट घेणाऱ्याने वेगळे जॉय-कॉन आणि उभं करायला स्टँड घ्यायचा. म्हणून दुकानाच्या पानावर टीव्ही, टेबल आणि हात अशा तीन मोडच्या खुणा असतात त्या आधी बघायच्या. 'एकच लायब्ररी' हे पाटीवर शोभतं, कपाटात त्याचे तीन ढीग होतात.

आणि मधल्या वाटेने जाऊन सोनीने काय मिळवलं तेही बघा. व्हिटावर क्रॉस-बाय होतं, 'स्लाय कूपर'चा २०१३ चा गेम पीएस३ साठी घेतला की व्हिटाचा त्यातच मिळायचा. ग्राहकाला छान. पण व्हिटाला एल२, आर२ ही बटणं नाहीत, काठी दाबली की लागणारं बटणही नाही. ती चार कामं मागच्या टचपॅडवर ढकलली, आणि यंत्र जरा घट्ट धरलं की बोट लागून ग्रेनेड सुटायचा. लायब्ररी जोडण्याआधी बटणं जुळवा, हे त्यातून शिकण्यासारखं.

टेक्स्चर_तात्या:

किमतीचा मुद्दा मान्य. पण छोटे गेम गेले नाहीत हो, ते निंटेंडोच्या हातून छोट्या स्टुडिओंच्या हाती गेले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला, पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. हातातल्यासाठी वेगळं इंजिन, वेगळी टीम लागली असती तर अशा स्टुडिओला दोन्हीकडे एकदम पोचणं परवडलं असतं का?

पडदाबहाद्दर:

तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. टीम छोटी, इंजिन युनिटी किंवा अनरिअल, पहिलं लक्ष्य स्टीम डेक आणि पीसी, जमलं तर पुढे स्विच. प्रत्यक्षात कुठून सुरुवात करायची?

बिल्डमास्तर:

बिल्ड (तयार गेम) एक, प्रोफाइल (सेटिंगचे संच) दोन. सुरुवात हातातल्यापासून.

क्रम उलटा केला तर काय होतं ते 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स २' मध्ये दिसलं. २०१७ चा मोठा, देखणा गेम, पण गर्दीच्या जागी हातातलं चित्र ३६८पी पर्यंत उतरायचं, चेहरे ओळखू येईनात. 'विचर ३' मात्र टीव्हीवर ७२०पी, हातात ५४०पी अशी बदलती कमाल मर्यादा धरून, सावल्या-गवत कापून ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर आख्खा बसवला. दिसायला धूसर, पण खेळायला पूर्ण.

कामाचा क्रम असा ठेवा. सगळ्यात कमकुवत मोडवर, सगळ्यात गर्दीच्या दृश्यात, फ्रेमचं बजेट आधी सीपीयूवर तपासा. ३० फ्रेम म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, त्यातले १६.७ च्या वर सीपीयू खात असेल तर पुढे टीव्हीवर ६० चं स्वप्न बघू नका, कारण तिथे सीपीयू वाढून मिळणार नाहीये. जीपीयूची चिंता नंतर, तिथे रिझोल्यूशनचा खटका हाताशी असतो.

हातात ३० आणि डॉकमध्ये ६० ठेवायचं ठरलं तर फिजिक्स स्थिर पायरीवर चालवा, फ्रेमवर नाही. नाहीतर उडीची उंची मोडगणिक बदलते, आणि हातात पार होणारी दरी टीव्हीवर होत नाही. ही चूक छोट्या गेममध्ये आजही सर्रास दिसते.

खेळता खेळता यंत्र डॉकमध्ये घातलं जातं, त्या क्षणी काही गेम फसतात. कारण नवं रिझोल्यूशन आलं म्हणून रेंडर टार्गेट (चित्र काढायची रॅममधली जागा) मोडून नवं घडवायला जातात. १०८०पी चा एक ३२ बिटचा बफर सुमारे ८.३ एमबी, ७२०पी चा ३.७. खोली, सावली, ब्लूम धरून असे पाच-सात बफर असतात. जुने सुटायच्या आत नवे मागितले की रॅम तुटपुंजी पडते आणि गेम कोसळतो. उपाय साधा: सुरुवातीलाच सगळ्यात मोठ्या मापाचे बफर घ्या आणि हातातल्या मोडमध्ये त्यांचा कोपराच वापरा. बदलतं रिझोल्यूशनही त्याच युक्तीवर चालतं, एका दगडात दोन पक्षी. युजर इंटरफेस मात्र या खेळातून बाहेर ठेवा, तो नेहमी स्क्रीनच्या मूळ रिझोल्यूशनवर काढा.

आता अक्षरं. लोकांना वाटतं टीव्ही मोठा म्हणून अक्षर मोठं दिसतं. मोजून बघा. ६.२ इंची स्विचच्या स्क्रीनची उंची ७.७ सेंटिमीटर, ३५ सेंटिमीटरवरून धरला तर गुणोत्तर ०.२२. ४३ इंची टीव्हीची उंची ५३.५ सेंटिमीटर, अडीच मीटरवरून ०.२१. डोळ्याला दोन्ही सारखेच! वेगळा पडतो तो तुमचा डेस्कवरचा मॉनिटर: २४ इंच, उंची ३० सेंटिमीटर, अंतर ६०, गुणोत्तर ०.५. तुम्ही जे अक्षर डेस्कवर बसून ठरवता ते गिऱ्हाइकाला दोन्ही ठिकाणी निम्म्याहून लहान दिसतं. वर १०८०पी वरचं २४ पिक्सेलचं अक्षर ७२०पी ला १६ च उरतं. वाल्व्हची डेकसाठीची अट किमान ९ पिक्सेल उंचीची आहे, १२८०×८०० वर. ती रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून ठीक आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, म्हणून ७२०पी वर २४ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. मराठी मेनू देणार असाल तर आणखी एक: युनिटीचं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी स्वतः करत नाही, 'कि' लिहिलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. अनरिअल आणि गोडो ४ ही इंजिनं हार्फबझ हे अक्षरजुळणीचं साधन वापरतात, तिथे हा त्रास नाही.

शेवटी झोप. हातातलं यंत्र कधीही बटण दाबून झोपवलं जातं. जागं झाल्यावर सर्व्हरचं कनेक्शन मेलेलं असणार हे धरूनच चाला, आणि गेममधले टायमर भिंतीवरच्या घड्याळावर नको, गेमच्या घड्याळावर ठेवा. नाहीतर रात्री झोपवलेला गेम सकाळी उठतो तेव्हा पिकं जळून गेलेली असतात.

डेकधारी:

मास्तरांचं सगळं पटलं, फक्त डेकबद्दल थोडी भर. स्विचवर दोन्ही मोड जुळवायचं काम बनवणाऱ्याचं असतं, डेकवर ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं. 'व्हेरिफाइड'ची हिरवी खूण म्हणजे कंट्रोलर चालतो, अक्षर वाचता येतं, सुरुवातीची सेटिंग बरी आहे, इतकंच. बॅटरी किती टिकेल याच्याशी तिचा संबंध नाही. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॅट-तास, चिपची मर्यादा १५ वॅट. स्क्रीन आणि बाकीचं धरून जड गेमला दोन तासही मिळत नाहीत.

म्हणून गेममध्ये ४० फ्रेमची मर्यादा द्या. ४० फ्रेम म्हणजे २५ मिलिसेकंद, ६० आणि ३० च्या वेळांच्या बरोबर मधोमध, आणि हाताला ३० पेक्षा स्पष्ट हलकं लागतं. एलसीडी डेकचा स्क्रीन ४० हर्ट्झवर ठेवता येतो. ओएलईडीवर ४० फ्रेमसाठी तो ८० हर्ट्झवर पळतो. त्यासोबत टीडीपी, म्हणजे चिपची वॅटमर्यादा, ८ ते १० वॅटवर बांधला तरी बरेच मध्यम गेम निभावतात. टीडीपी फार खाली आणला की सीपीयू आणि जीपीयू एकमेकांच्या तोंडचा घास काढतात आणि सरासरी फ्रेम ठीक दिसूनही मधूनच झटके बसतात. तेव्हा सरासरी बघू नका, फ्रेम टाइमचा आलेख बघा.

सेव्हचं मात्र नीट करा, कारण पीसी आणि डेक मिळून एक लायब्ररी ही खरं तर सेव्ह फाइलवरच उभी असते. गेम चालू ठेवूनच डेक झोपवला तर साध्या क्लाउड सेव्हमध्ये फाइल वर जातच नाही. घरी पीसीवर उघडला की जुनं सेव्ह, आणि मग कोणतं ठेवू हा प्रश्न. वाल्व्हने २०२२ मध्ये डायनॅमिक क्लाउड सिंक दिलंय, झोपवताना फाइल वर पाठवायला. ते आपोआप चालू होत नाही, बनवणाऱ्याने गेममध्ये घालावं लागतं. आणि ग्राफिक्सची सेटिंग सेव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर पीसीचं ४के अल्ट्रा डेकवर येऊन बसतं.

कप्पेवाली:

खेळणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी, कारण 'एकच लायब्ररी' ऐकून घेतलेलं सामान नेमकं इथे अडतं.

स्विचचं सेव्ह कार्ट्रिजवर नसतं, मायक्रोएसडीवरही नसतं. ते यंत्राच्या आतल्या मेमरीत असतं. कार्ट्रिज दुसऱ्या स्विचमध्ये घातलं तर गेम पहिल्यापासून. ऑनलाइन सदस्यत्वात क्लाउड सेव्ह मिळतं, पण 'स्प्लॅटून २' आणि 'पोकेमॉन सोर्ड/शील्ड' सारखे गेम त्यात धरलेले नाहीत. डिजिटल गेमसाठी एप्रिल २०२५ पासून व्हर्च्युअल गेम कार्ड आहेत: एक गेम एका वेळी एकाच यंत्रावर, दोन जोडलेल्या यंत्रांत फिरवता येतो, घरातल्या गटात दोन आठवडे उसना देता येतो. घरात एक मोठा स्विच आणि एक लाइट असेल तर हीच व्यवस्था वापरा.

स्विच २ ला गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. जुन्या कार्डावरून फोटो-व्हिडिओ घेता येतात, गेम नाहीत. आणि डब्यावर 'गेम-की कार्ड' लिहिलेलं असेल तर आत गेम नाहीच, नुसती किल्ली आहे. पूर्ण गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्डही आत ठेवायचं. त्याच यंत्रावर 'सायबरपंक २०७७' ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर पूर्ण येतो, तेव्हा घेताना डबा उलटून वाचा.

भारतात निंटेंडो अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे बहुतेक यंत्रं बाहेरून आलेली आणि वॉरंटीविना. अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो, इथल्या विजेवर चालतो, फक्त पिनेचा बदल लागतो. अडचण होते ती मोबाइलच्या चार्जरवर डॉक चालवायला गेलं की. पहिल्या स्विचच्या डॉकला १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात. ९ व्होल्टपर्यंतच जाणारा चार्जर हातातल्या स्विचला चार्ज करेल, पण डॉकमध्ये टीव्हीवर चित्र येणार नाही, आणि लोक डॉक बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरात १५व्ही असेल आणि त्यापुढे किमान २.६ए असेल तरच तो घ्या. स्विच २ चा मूळ अ‍ॅडॅप्टर ६० वॅटचा आहे. त्याच्या डॉकला जुना ३९ वॅटचा लावू नका.